बिलातलं तेल आणि शॉकअपमधलं तेल

गेल्या जूनमध्ये, शाळा उघडायच्या आधी, मी माझी मोटरसायकल सर्व्हिसिंगला टाकली होती. संध्याकाळी गाडी परत मिळाली तेव्हा हातात लांबलचक बिल होतं. त्यात एक ओळ होती: पुढच्या शॉकअपचं तेल, दोन्ही बाजू. मी बिल वाचलं, बेरीज तपासली, पैसे दिले. मास्तर माणूस, बेरीज तपासल्याशिवाय मला राहवत नाही.

पावसाळा सरता सरता गाडीचं पुढचं चाक कुरकुरायला लागलं. ब्रेक दाबला की गाडीचं तोंड खाली जायचं आणि वर आल्यावर दोन-तीनदा डुलायचं. खड्ड्यातून गेलं की खट् असा लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज यायचा. उजव्या शॉकअपच्या पाइपवर तेलाचा ओघळ दिसायचा, त्याला धूळ चिकटायची. मी रोज फडक्यानं पुसायचो आणि शाळेला निघायचो. शाळा घरापासून अठरा किलोमीटरवर. मराठवाड्यातले आमच्या तालुक्याचे रस्ते कसे आहेत हे इथल्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटायचं नाही.

ऑक्टोबरमध्ये एका सकाळी लेक मागे बसली होती. गतिरोधक उशिरा दिसला, पुढे बारीक खडी होती, मी ब्रेक दाबला. गाडीनं नाक खाली खुपसलं, चाक सरकलं आणि आम्ही दोघं आडवे झालो. मला खरचटलं. तिच्या गुडघ्याला तीन टाके पडले. शॉकअप धड असते तर पडलोच नसतो, असं मी शपथेवर सांगणार नाही. खडी होती आणि ब्रेक मीच उशिरा दाबला होता. पण ज्या कामाचे पैसे मी चार महिन्यांपूर्वी मोजले होते ते काम झालं होतं का, हा प्रश्न त्या दिवसापासून डोक्यातून जाईना.

त्याचं उत्तर एका रविवारी आमच्या अंगणात मिळालं, आणि ते देणारा माझाच एक जुना विद्यार्थी होता. दहावीला अडकला, पुढे शिकला नाही. आता मामूच्या गॅरेजात काम करतो. (गाडी मी त्या गॅरेजात टाकली नव्हती. मोठं आणि चकचकीत म्हणून दुसरीकडे टाकली होती.) मी त्याला म्हटलं, शॉकअपचं तेल मला घरी, माझ्या हातानं बदलायचं आहे, तू नुसता बाजूला बस. तो हसला. पण आला.

अजून आम्ही काहीच उघडलं नव्हतं. त्यानं वाकून शॉकअपच्या वरच्या बोल्टकडे पाहिलं, नखानं कडेची माती खरवडली आणि म्हणाला, "सर, इसको पाना लग्याच नहीं." बोल्टच्या कडेला धूळ आणि तेल मिळून झालेला घट्ट थर होता, तो कुठेही तुटलेला नव्हता. बोल्टचे कोन कोरे होते. पाना लावल्याशिवाय बोल्ट निघत नाही आणि बोल्ट निघाल्याशिवाय नवं तेल आत जात नाही. चार महिने तो पुरावा माझ्या डोळ्यांसमोर, हँडलच्या शेजारी होता. मला बिल वाचता आलं, बोल्ट वाचता आला नाही.

आत काय चालतं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. शॉकअप हा शब्द इंग्रजी 'शॉक अब्सॉर्बर'ला आपल्या गॅरेजांनी घासून दिलेलं रूप. पुढच्या शॉकअपचा पाय म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. आत लांब स्प्रिंग, खाली तेल. आपल्याला वाटतं धक्का तेल खातं. तसं नाही. धक्का आधी स्प्रिंग झेलते. पण स्प्रिंगला एक खोड आहे. दाबली की ती उसळणार, उसळली की पुन्हा दबणार, आणि असंच हलत राहणार. तिला आवरायचं काम तेलाचं. नळी सरकते तेव्हा तेलाला बारीक भोकांतून वाट काढावी लागते. त्या अडवणुकीत हालचालीचा जोर खर्च होतो आणि त्याची उष्णता होते. तेल पातळ झालं, कमी झालं किंवा त्यात पाणी शिरलं की ही अडवणूक ढिली पडते, मग चाक जमिनीवर टेकून राहण्याऐवजी नाचतं. नाचणारं चाक ब्रेकचंही ऐकत नाही. ही युक्ती जुनी आहे. १९३५ साली बीएमडब्ल्यूनं आर १२ आणि आर १७ या मोटरसायकलींवर तेलानं आवरणारे असे पुढचे पाय बसवले. आपली साधी शंभर-सव्वाशे सीसीची गाडी आजही त्याच तत्त्वावर चालते.

तेलाच्या वर हवा असते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. परदेशातल्या काही मोठ्या गाड्यांच्या शॉकअपला हवा भरायचा व्हॉल्व्ह असतो. आपल्या गाडीला तसा नसतो, पण तेल आणि झाकण यांच्यामध्ये कोंडलेली हवा असतेच, आणि ती दुसऱ्या स्प्रिंगसारखं काम करते. तेल जास्त ओतलं तर हवेला जागा कमी उरते, शॉकअप दगडासारखा होतो आणि दाबानं ऑइल सील फुटतं. तेल कमी पडलं तर तोंड खाली जातं. म्हणजे तेल मोजायचं ते खरं तर हवेसाठी.

मी गाडीची पुस्तिका समोर ठेवून, मोजमापाचं भांडं घेऊन बसलो होतो. काम त्यानं माझ्याकडूनच करून घेतलं. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा दिला, पुढचं चाक अधांतरी केलं. पाय गाडीत घट्ट बसलेले असतानाच वरचा बोल्ट थोडा सैल करायचा, पण त्याआधी हँडलखालची पकड ढिली करायची, नाहीतर बोल्ट सुटत नाही. मग ब्रेक, चाक, मडगार्ड काढून दोन्ही पाय उतरवायचे. शेवटचे आटे सोडताना तोंड बोल्टच्या वर आणायचं नाही, कारण खाली दाबलेली स्प्रिंग आहे, बोल्ट गोळीसारखा उडतो. हे सांगताना त्यानं माझं डोकं हातानं बाजूला सारलं. वर्गात मी त्याच्या डोक्यावर टपली मारायचो ते मला आठवलं.

पाय उलटा केला. उजव्यातून जेमतेम अर्धा कप निघालं, डाव्यातून थोडं जास्त. दोन्हीचा रंग नाल्यासारखा करडा-काळा, वास सडलेल्या माशाचा. डाव्या बाजूचं सील शाबूत होतं, तिथून गळती नव्हती, तरी तेल तसंच. "चार महिने का तेल ऐसा नहीं होता, सर. ये गाडी के साथ आयेला है." त्या करड्या रंगात घासलेल्या धातूची बारीक भुकटी होती. ती बोटावर चमकत होती.

मी लगेच नवं तेल ओतायला घेतलं. त्यानं हात धरला. "अभी नको, सर." आधी पाय उलटा ठेवून दहा-बारा वेळा दाबायचा-ओढायचा, मग निथळत ठेवायचा. उजव्या पायाचं सील बदललं. नवं बसवायच्या आधी त्यानं पाइपवरून नख फिरवलं. पाइपवर गंजाचे खड्डे असतील तर नवं सील महिन्याभरात फाटतं, म्हणून हे आधी बघायचं. मग पुस्तिकेत सांगितलेल्या नंबरचं तेल, सांगितलं तेवढ्या मिलिलीटरमध्ये. रस्त्याकडेला इंजिनाचं तेल ओतून देणारे असतात. ते तेल त्या कामासाठी बनलेलं नसतं. तेल ओतून पुन्हा सावकाश दाबायचं, भोकांत अडकलेली हवा बुडबुडे होऊन वर येईपर्यंत. हाताला पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा जोर लागायला लागला की हवा निघाली. शेवटी स्प्रिंग बाहेर असताना पाय पूर्ण दाबून वरच्या काठापासून तेलापर्यंतचं अंतर मोजायचं. दोन्ही पायांत ते सारखं हवं. मी मिलिलीटर मोजून समाधानी होतो. तो म्हणाला, "सर, पुस्तकातलं माप कोऱ्या पायाचं असतं. आत जुनं तेल किती चिकटून राहिलं ते पुस्तकाला काय माहीत? म्हणून वरून मोजा."

हे वाक्य मी त्या रात्री वहीत लिहून ठेवलं.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. हा मुलगा माझ्या मराठीच्या वर्गात होता. त्याच्या निबंधाचे पेपर मला आठवतात. 'मी पाहिलेला सूर्योदय' या विषयावर त्यानं तीन ओळी लिहिल्या होत्या आणि मी खाली लाल शाईनं लिहिलं होतं: विचारांत सुसंगती नाही. त्याच मुलानं माझ्या अंगणात तीन तास मला एक किचकट काम सांगितलं. क्रम कुठे चुकला नाही, एक शब्द फालतू नाही. आधी काय, मग काय, का, आणि चुकलं तर काय होतं, सगळं सांगितलं. दखनीत सुरू करायचा, मराठीत संपवायचा, मधे पाना, सील, आटा हे शब्द यायचे. पण सुसंगती? त्याच्याइतकी सुसंगत भाषा मी स्टाफरूममध्ये क्वचित ऐकतो. त्याला भाषा येत नव्हती असं नाही. त्याला येणारी भाषा आम्ही कधी विचारलीच नाही.

बी.एड.ला आम्ही ब्लूमचं वर्गीकरण पाठ केलं होतं: ज्ञानात्मक, भावात्मक, क्रियात्मक. पाठ टाचणात तीन रकाने काढायचो. तिसरा रकाना भरायला अवघड जायचं, मग 'विद्यार्थी फळ्यावर शब्द लिहितो' असं काहीतरी लिहून मोकळे व्हायचो. हातांशी आमचा संबंध तेवढाच, खडू धरण्यापुरता.

असं नव्हतं की कुणी सांगितलं नव्हतं. १९३७ साली आपल्याच वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी तिथे मांडलं की मुलाचं शिक्षण एखाद्या हस्तोद्योगाच्या आधारानं व्हावं. त्याचा आराखडा करायला जी समिती नेमली तिचे अध्यक्ष होते जामियाचे झाकिर हुसेन, जे पुढे राष्ट्रपती झाले. आम्ही उर्दूवाले त्यांचं नाव अभिमानानं घेतो, भिंतीवर फोटो लावतो. त्यांच्या समितीनं हाताच्या कामाबद्दल काय म्हटलं होतं हे मात्र विसरलो. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबागांनी पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तिथे गावची मुलं काम करता करता शिकतात. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सांगतं, त्या दिवसांत मुलांनी स्थानिक कारागिरांकडे शिकावं असं म्हणतं. उदाहरणादाखल सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशी नावं त्यात आहेत. मी म्हणतो, आपल्या गावात त्या यादीत मोटरसायकलचं गॅरेज घाला. ते प्रत्येक गावात आहे, आणि ज्या यंत्रावर मुलाचा बाप त्याला रोज बसवून नेतो ते यंत्र तिथे उघडं पडलेलं असतं.

आता यावरचा नेहमीचा आक्षेप. आमच्या मोहल्ल्यात हे बोललो तर पहिला माणूस म्हणेल, "मास्टर साहब, आपली पोरं आधीच गॅरेजात आहेत. त्यांना तिथून काढून डॉक्टर-इंजिनिअर करायचं सोडून तुम्ही शाळेतल्या पोरांनाही तिकडेच नेता?" या रागात सत्य आहे. गॅरेजचं काम गरिबीचं आहे, दुखापतीचं आहे, आणि लहान पोरांना तिथे राबवणं हा गुन्हा आहे. मी मुलांना गॅरेजात ढकला असं म्हणत नाही. मी म्हणतो, गॅरेजातलं ज्ञान शाळेत आणा. कलेक्टर होणाऱ्या मुलीनंही एकदा शॉकअप उघडा पाहावा, म्हणजे उद्या तिच्यासमोर रस्त्याच्या कामाचं बिल येईल तेव्हा फक्त बेरीज न तपासता ती रस्त्याच्या कडेची मातीही खरवडून पाहील. आणि गॅरेजात जाणाऱ्या मुलाला कळावं की त्याचं काम ज्ञानाचं आहे, नशिबाचं नाही.

दुसरा आक्षेप असा की मग विश्वास कशाला म्हणतात? प्रत्येकानं सगळं स्वतः करायचं तर समाज चालेल कसा? मान्य. मीही दर वेळी हे घरी करणार नाही. पण शॉकअपच्या तेलाची गंमत अशी की ते दिसत नाही. इंजिनाचं तेल काडी बुडवून तपासता येतं, टायर डोळ्यांनी दिसतो. शॉकअपमध्ये काय आहे ते फक्त ओतणाऱ्याला माहीत. असं न दिसणारं काम दोन गोष्टींवर उभं असतं: करणाऱ्याचं इमान आणि करवून घेणाऱ्याची समज. एक ढिली पडली तर दुसरीनं सावरायचं. आपल्याकडे करवून घेणारा शिकलेला असतो, पण त्याला हातांनी काही येत नाही. करणाऱ्याला सगळं येतं, पण त्याला कुणी शिकलेला मानत नाही. ज्याला मान नाही त्याच्याकडून इमानाची अपेक्षा मात्र पुरेपूर. त्या मोठ्या गॅरेजनं मला फसवलं, याचा राग मला आहे आणि राहील. पण गाडी टाकताना तिथला पोरगा "थांबता का, सर?" असं म्हणाला होता, आणि मी "संध्याकाळी नेतो" म्हणून निघून आलो होतो, हेही खरं. थांबलो असतो तरी काय बघायचं हे मला कळलं नसतं.

भाषेच्या मास्तराला शब्दांकडे गेल्याशिवाय चैन पडत नाही. कस्ब हा अरबी शब्द. उर्दूत त्याचा अर्थ कमाई, धंदा. तोच शब्द मराठीत आला आणि कसब झाला, अर्थ झाला कौशल्य. मराठी माणसानं कमाईच्या शब्दातून हुन्नर उचलला, ही मला फार सुंदर गोष्ट वाटते. अमानत हा दुसरा शब्द. विश्वासानं सोपवलेली वस्तू. मराठीत त्याची अनामत झाली आणि आज ती फक्त पावतीवर उरली: अनामत रक्कम. माझी गाडी त्या दिवशी त्या गॅरेजात अमानत होती. तिथे तिची नुसती पावती झाली. पण खरं सांगू? माझ्या वर्गातही पालकांनी मुलं अमानत म्हणून सोपवलेली असतात, आणि आत काय ओतलं ते बाहेरून दिसत नाही. प्रगतिपुस्तकावर मीही श्रेणी लिहून देतो. कुणी बोल्ट खरवडून बघितला तर?

ज्यांना हे घरी करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी तीन गोष्टी. पहिली, पुढच्या साध्या शॉकअपपुरतंच करा. मागचे गॅस भरलेले शॉकअप दाबाखाली असतात, ते उघडायचे, कापायचे, भोक पाडायचे नाहीत. दुसरी, पहिल्या वेळी जाणत्याला शेजारी बसवा आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या. ओळखीतला आहे म्हणून चहावर भागवू नका. माझ्या विद्यार्थ्यानं पैसे घ्यायला तीनदा नाही म्हटलं, चौथ्यांदा मी खिशात घातले. चाक परत बसवलं की रस्त्यावर न्यायच्या आधी उभ्या गाडीवर ब्रेक आणि शॉकअप दहादा दाबून बघा. तिसरी, निघालेलं तेल गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नका. डब्यात भरून, वापरलेलं तेल गोळा करणाऱ्यापर्यंत जाईल अशा गॅरेजात द्या. आमचा डबा मामूच्या दुकानात गेला.

आणि शिक्षकांसाठी एक. पुढच्या घटक चाचणीत मी आठवीला सूर्योदय देणार नाही. प्रश्न असा असेल: 'तुमच्या घरातलं कुणीतरी हातानं करतं असं एक काम, न पाहिलेल्या माणसाला करता येईल असं लिहा.' पंक्चर काढणं, गोधडी शिवणं, शेळीची धार काढणं, काहीही. ज्या शब्दांना पुस्तकी मराठी नाही ते घरात बोलतात तसेच लिहा, त्याचे गुण कापणार नाही. तपासायला मी एकटा बसणार नाही. ज्या कामाबद्दल लिहिलं त्या कामाचा माणूस शेजारी बसवीन, आणि पहिला बोलवायचा तो कुणाला हे माझं ठरलं आहे. त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सर, मैं नापास हूँ, मैं कैसे चेक करूँ?"

मी म्हटलं, तू माझा बोल्ट तपासलास तसाच.